वरच्या वर्गांचा गुरुजी कोण घडविणार ?

सहावी ते आठवी हे तीन वर्ग म्हणजे शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांच्या आयुष्यांतील खरा उंबरठा होय. याच वर्षांत अपूर्णांकांवरून बीजगणिताकडे वळावयाचें असतें, विज्ञान म्हणजे काय तें कळावयाचें असतें. आणि याच वयांत आईबाप ऊसतोडीला निघाले कीं मूलहि त्यांच्या मागें निघतें. ज्याला येथें चांगला गुरुजी लाभला तें मूल हायस्कुलांत टिकतें. ज्याला लाभला नाहीं तें नववींत अडखळून शेळ्यांमागें जातें. म्हणून या वर्गांवर शिकविण्याचा परवाना कोणास व कसा मिळावा, हा प्रश्न एकट्या मास्तर लोकांचा नाहीं. तो सबंध बहुजनसमाजाचा आहे.

कायदा काय म्हणतो तें वाचकांनीं प्रथम समजून घ्यावें. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच वर्षीं २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें शिक्षकाची किमान पात्रता ठरविली. वरच्या प्राथमिक वर्गांसाठीं पदवी पाहिजे, अध्यापनाची पदविका किंवा बी. एड्. पाहिजे, आणि त्यावर शिक्षक पात्रता परीक्षा पाहिजे. आपल्या राज्यांत ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्यें झाली. तिचा दुसरा पेपर १५० गुणांचा : बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा मिळून ६०, आणि गणित-विज्ञान अथवा सामाजिक शास्त्रें ६०. पुढें १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यांची सेवा पांच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनींहि दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें. आमची नेमणूक परीक्षा निघण्यापूर्वींची. तेव्हां आम्हीहि त्यांत आलों.

आमचे कित्येक शिक्षकबंधु या परीक्षेच्या नांवानें बोटें मोडीत आहेत. त्यांचा त्रागा आम्ही समजूं शकतों, पण त्यांच्या ओरडीस आमचा पाठिंबा नाहीं. पारखून घेतलेला शिक्षक साहेबाच्या मुलाला मिळावा आणि कुणब्याच्या मुलाला कसाहि चालावा, हें आम्हांस मान्य नाहीं. परीक्षा जरूर घ्या. परंतु तराजू कितीहि चोख असला तरी तो धान्य पिकवीत नाहीं. चार उत्तरांतील एकावर खूण करणाऱ्या उमेदवारास फळ्यापुढें उभें राहून पाऊण तास वर्ग हालता ठेवतां येतो कीं नाहीं, हें त्या कागदास कसें कळणार ? तें प्रशिक्षणांत कळावयाचें. आणि आमच्याकडे मोडलें आहे तें प्रशिक्षणच.

ही गोष्ट आमच्या पूर्वसूरींनीं फार आधीं ओळखली होती. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून मागितलें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे, ते वेळ पडल्यास नांगर धरणारे असावे, आणि त्यांना पोटभर पगार द्यावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९३५ सालीं साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांचें ट्रेनिंग कॉलेज काढलें तें याच हेतूनें.

पुढें आम्हीं काय केलें ? २००० नंतरच्या दशकांत डी. एड्. ची विद्यालयें पावसाळ्यांतल्या छत्र्यांसारखीं उगवलीं. बापानें बैलजोडी विकून फी भरली. कित्येक ठिकाणीं सरावपाठ वहींतच झाले; पाठटाचणें एकाचीं दुसऱ्यानें उतरविलीं. २०१२ पासून भरती थंडावली आणि हीं विद्यालयें एकामागून एक ओस पडलीं. ज्यांना नोकरी लागली त्यांना ‘शिक्षण सेवक’ म्हणून तीन वर्षें महिना ६,००० रुपयांवर राबविलें. तें मानधन २०२३ मध्यें १६,००० झालें. आणि २०१९-२० च्या पात्रता परीक्षेंत गुण विकत घेतल्याचें उघडकीस येऊन २०२२ मध्यें साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. विकणारे चोर खरेच; पण विकत घेणारे आमच्याच घरांतले होते, हें आम्ही कोणत्या तोंडानें नाकारावें ?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, परीक्षेची तयारी शहरांतील क्लासवाल्यांच्या हातीं सोडूं नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनीं ती तालुक्याच्या ठिकाणीं, सुट्टीच्या दिवशीं, विनामूल्य करून घ्यावी. दुसरी, होतकरू शिक्षकानें खेड्यांतील शाळेंत मुरलेल्या गुरुजींच्या हाताखालीं सलग महिने काढावे, आणि त्याचा पाठ प्रत्यक्ष वर्गांत बसून तपासावा. तिसरी, परीक्षा व भरती दरसाल ठरल्या तारखेस व्हावी. पेरणीची वेळ चुकलेल्या शेताप्रमाणें आमच्या तरुणांचीं वयें वायां जात आहेत. चौथी, जुन्या शिक्षकांना नोकरी जाण्याचा धाक घालण्यापूर्वीं पुस्तकें व अभ्यासाला सवड द्यावी, आणि अशैक्षणिक कामांचें ओझें उतरवावें.

वाचकहो, तुमच्या हातींहि कांहीं आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे असा कायदा आहे. सहावी ते आठवीस गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रें यांसाठीं निदान एकेक शिक्षक असावा असेंहि तोच कायदा सांगतो. तेव्हां येत्या सभेंत मुकाट्यानें सही करून उठूं नका. आमच्या गांवीं गणित कोण शिकवितो, त्यानें तें कोठें व किती शिकलें आहे, आणि जागा रिकामी असेल तर ती केव्हां भरणार, हे तीन प्रश्न विचारा व उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्या. आम्ही आमच्याकडून पुस्तक उघडून परीक्षेच्या अभ्यासास बसलों आहों.