तारलीचे स्थलांतर आणि कोकणची बरकत

संपादक महाशयांस,

मलबारची तारली उत्तरेस सरकल्याने कोकणची बरकत होईल, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष अर्धसत्य आहे. १९८५ पूर्वी बहुतांशी मलबारपुरती मर्यादित असलेली ही मासळी, समुद्र तापू लागल्यावर उत्तरेकडेही मिळू लागली, हे खरे; परंतु पावसाळ्यात तळचे थंड, पोषक पाणी वर येऊन जी सूक्ष्म वनस्पती फोफावते, तिच्यावर तारलीचे पोषण अवलंबून असल्यामुळे, केवळ ऊब पाहून ती कोठेही कायम वस्ती करील, असे मानणे धाडसाचे होय. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन मिळालेली तारली २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही खाली उतरली. तिकडे घटली तेवढी भर कोकणच्या बंदरांत मुळीच पडली नाही. सबब, बरकतीचे हिशेब मांडण्यापूर्वी, आहे ती मासळी वाढून टिकावी म्हणून, कोवळी तारली पकडण्यास सक्त मनाई करून त्या मनाईचा अंमल व्हावा.

आपला,
एक वाचक