गोळी कोणाची, कुलूप कोणाचं?

‘मतिमंद’ आणि ‘मनोरुग्ण’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने फेकतो. कायदा तसं मानत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बौद्धिक दिव्यांगत्वाला आजार समजत नाही. ते येतं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. बरोबरच आहे.

पण समजा, टेंभुर्णीतल्या एखाद्या घरातला बौद्धिक दिव्यांग तरुण अचानक रात्रभर जागतो, स्वतःला चावतो, अंगावर धावून येतो. न्यायचं कुठे? जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. जालन्याला ३६५ खाटांचं मंजूर झालंय, ठीक. पण खाट मिळाली म्हणजे झालं का? गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहिणार, वागणुकीचा आराखडा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करणार, शिकवायला विशेष शिक्षक. आणि रात्री दोनला खोलीला कुलूप लावायचं की त्याच्याजवळ बसायचं, हे ठरवणार काळजीवाहक, ज्याला वरच्या तिघांनी काहीच सांगितलेलं नसेल. कदाचित त्याची दाढ दुखत असेल! त्याला सांगता येत नाही, म्हणून डोस वाढतो.

त्यात खातीही वेगळी. मनोरुग्णालय आरोग्य विभागाचं, मतिमंद मुलांची बालगृहं महिला व बालविकासची, विशेष शाळा दिव्यांग कल्याणच्या. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, तेव्हा राज्यातली अशी गृहं तपासायला समन्वय समिती न्यायालयालाच नेमावी लागली.

जालन्याच्या पदभरतीची जाहिरात निघेल तेव्हा डॉक्टर किती, हे तुम्ही बघालच. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं पद त्यात आहे का, तेही बघा.