प्रवेशाआधीचे एक वर्ष

कावेरीच्या खोऱ्यातील तिरुभुवनम् हे गाव रेशमी साड्यांसाठी आणि तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेल्या मंदिरासाठी ओळखले जाते. तेथून काही किलोमीटरवरील कुंभकोणममध्ये श्रीनिवास रामानुजन वाढले. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलमधून उत्तम यश मिळवून ते शिष्यवृत्तीवर तेथील सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. गणिताखेरीज इतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्याने ती शिष्यवृत्ती गेली. दहा वर्षांनी, १९१४ मध्ये, केंब्रिजने त्यांना पदवी नसतानाही स्वीकारले आणि १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे पदवी दिली. एका व्यवस्थेने त्यांचे गुणपत्रक पाहिले, तर दुसरीने त्यांची कुवत. बारावीनंतर जर्मनीकडे निघालेल्या आजच्या भारतीय विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे.

इरावती कर्वे बर्लिनला आणि त्यांचे पती दिनकर कर्वे लायप्झिगला गेले ते येथील शिक्षण पूर्ण करून, डॉक्टरेटसाठी. आता ओघ मोठा आहे आणि जाणाऱ्यांचे वयही कमी होत आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा गट सर्वांत मोठा होता. त्यांतील बहुसंख्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जातात. बारावीनंतर लगेच जाऊ पाहणाऱ्याला मात्र एक पायरी लागते, तिचे नाव ‘श्टुडिएनकोलेग’.

भारतातील बारावीचे प्रमाणपत्र जर्मन शालान्त परीक्षेच्या, म्हणजे ‘आबिटुर’च्या, बरोबरीचे मानले जात नाही. त्यामुळे अशा विद्यार्थ्याने साधारण दोन सत्रांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अपेक्षा असते. अभियांत्रिकी व विज्ञान, वैद्यक व जीवशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्रे, मानव्यविद्या असे त्याचे प्रवाह आहेत. आत शिरतानाच प्रवेश परीक्षा असते आणि जर्मन भाषेची किमान मध्यम पातळी गाठलेली असावी लागते. शेवटी पात्रता परीक्षा असते व ती सहसा एकदाच पुन्हा देता येते. या वर्षात विषयज्ञानाइतकाच भर भाषेवर असतो. व्याख्यान ऐकून टिपणे काढणे, प्रयोगाचा अहवाल लिहिणे, आपले म्हणणे मांडणे हे सारे जर्मनमध्ये जमू लागावे, हा त्याचा हेतू.

ही व्यवस्था मुळात उदार आहे. सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये बहुधा शिक्षणशुल्क नसते, केवळ सत्राचे किरकोळ योगदान भरावे लागते. पण खर्चाचे खरे ओझे अन्यत्र आहे. व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात. रुपयांत ही रक्कम अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्रही बंधनकारक आहे. सरकारी जागा मर्यादित असल्याने खासगी संस्थांकडे वळावे लागते आणि तेथे शुल्क भरपूर असते. ‘मोफत जर्मन शिक्षण’ अशी जाहिरात करणारे दलाल हा तपशील क्वचितच सांगतात. अंतिम परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आले तर वर्ष, कर्ज आणि व्हिसाचा आधार एकदमच जातो. विणकराच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या घराला हा धोका पेलणारा नाही.

यावर एक स्वस्त पर्याय उपलब्ध आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला त्याच किंवा निकटच्या विषयात श्टुडिएनकोलेगविना अर्ज करता येतो. म्हणजे ही पायरी कुंभकोणमच्या किंवा सांगलीच्या सरकारी महाविद्यालयातच बांधता येईल, मात्र तेथे पहिल्या वर्षाबरोबर गंभीर जर्मन शिकवले गेले पाहिजे. नेमके येथेच आपले धोरण डळमळते. केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन २०१४ मध्ये सत्राच्या मध्यावर काढून टाकण्यात आली आणि सुमारे ७० हजार मुलांचा अभ्यास मोडला. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि दहा हजार तरुणांना जर्मन शिकवण्याची योजना आखली. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु कारागीर आणि परिचारिका यांच्यासाठी भाषावर्ग, आणि विद्यार्थ्यांसाठी दलाल, ही विभागणी योग्य नाही.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. त्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे, पण परिणाम असा की, बारावीनंतरचा मार्ग फक्त ऐपत असलेल्यांसाठी मोकळा राहतो. परदेशी प्रत्येक विद्यार्थ्याचा खर्च सरकारने उचलावा, असे कोणी म्हणणार नाही. भाषाशिक्षण आणि खात्रीची माहिती ही दोन कामे मात्र तुलनेने स्वस्त आहेत आणि ती सरकारचीच आहेत.

या चर्चेचा सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र जर्मनीबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. परक्या भाषेत शिकायला येणाऱ्या परदेशी मुलाला जर्मनी एक वर्ष देते. मराठी किंवा तमिळ माध्यमातून बारावी झालेली आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिरतात, तेव्हा आपण त्यांना किती दिवस देतो? अण्णा विद्यापीठाने २०१० मध्ये तमिळमधून, तर पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयाने २०२१ मध्ये मराठीतून अभियांत्रिकी सुरू केली. असे प्रयोग मोजके आहेत. पूर्वतयारी वर्षाची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. आयआयटींमध्ये राखीव प्रवर्गांतील काही विद्यार्थ्यांसाठी असा वर्षभराचा अभ्यासक्रम फार पूर्वीपासून चालतो. मग राज्य विद्यापीठांमध्ये, इच्छा असणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला, भाषा आणि मूलभूत विज्ञानाचे एक सत्र का मिळू नये?

अनुत्तीर्ण झालेल्याला दोष देणे सोपे असते. रामानुजन यांना कुंभकोणमने दोष दिला, केंब्रिजने संधी दिली. गुणपत्रक आणि कुवत यांतील अंतर कमी करण्यासाठी विद्यार्थ्याला वर्षभराचा अवधी देणारी व्यवस्था आपल्याच महाविद्यालयांत उभी राहिली, तर जर्मनीला जाणारे तेथे अधिक तयारीने जातील. जे जाणार नाहीत, त्यांचेही भले होईल.