विश्लेषण : पुणे सोडून चंद्रपूरला परतायचे? घरभाड्याआधी दुसऱ्या पगाराचा हिशेब मांडा

दिवाळी संपली की चंद्रपूर, बल्लारपूर, वरोऱ्याहून पुण्याकडे परतणाऱ्या गाड्या भरून जातात. फराळाचे डबे सीटखाली सरकवले की अनेक तरुण जोडप्यांमध्ये एकच विषय निघतो. ‘इथं एवढं मोठं घर रिकामं आहे, तिकडं भाडं कशाला भरता रे?’ असे आईने निघताना विचारलेले असते. प्रश्न रास्त आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी पगाराचा चौथा हिस्सा द्यायचा, रोज दोन-अडीच तास वाहतुकीत घालवायचे आणि महिनाअखेरीस खात्यात किती उरले ते पाहायचे. त्यापेक्षा स्वस्त शहरात गेलेले काय वाईट?

वाईट काहीच नाही. पण हा हिशेब बहुतेक घरांत घरभाड्यापासून सुरू होतो आणि घरभाड्यावरच संपतो. माझे म्हणणे असे की, तो दुसऱ्या पगारापासून सुरू व्हायला हवा. दुसरा पगार म्हणजे नव्या गावात ज्याचे किंवा जिचे काम आधी सुटेल, त्याचा किंवा तिचा पगार. बहुतेक वेळा तो बायकोचा असतो.

चंद्रपूर खरेच किती स्वस्त?

याचे एक उत्तर सरकारी कागदावर आहे. केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केले आहेत. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात, तर चंद्रपूर आणि गडचिरोली झेड वर्गात येतात. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला आणि घरभाडे भत्त्याचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले.

म्हणजे ५० हजार रुपये मूळ वेतन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात १५ हजार, नागपुरात १० हजार आणि चंद्रपुरात ५ हजार रुपये घरभाडे भत्ता मिळतो. पुण्याच्या तुलनेत चंद्रपूरला राहण्याचा खर्च साधारण एक तृतीयांश, असे सरकारही धरून चालते. तेव्हा आईचा मुद्दा चुकीचा नाही.

मग अडचण कुठे आहे?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

दोघेही पुण्यात नोकरी करतात. हातात प्रत्येकी ५५ हजार, म्हणजे घरात १ लाख १० हजार येतात. भाडे आणि सोसायटीचा मेंटेनन्स २६ हजार, प्रवास ९ हजार, बाकी सगळा खर्च ३५ हजार. एकूण ७० हजार गेले, ४० हजार उरले.

आता हेच जोडपे चंद्रपूरला आले. भाडे १० हजार, प्रवास ३ हजार, घरखर्च २८ हजार. शिवाय इन्व्हर्टर, उन्हाळ्यातले वाढीव वीजबिल, दुसरे इंटरनेट कनेक्शन आणि ऑफिसच्या कामासाठी अधूनमधून पुण्याची वारी मिळून महिन्याला सरासरी ६ हजार. एकूण खर्च ४७ हजार. दोघांचेही पगार कायम राहिले, तर ६३ हजार उरतात. पुण्यापेक्षा २३ हजार जास्त. इथपर्यंत सगळे छान आहे.

पण एकालाच घरून काम करण्याची परवानगी मिळाली आणि दुसरीला स्थानिक खासगी शाळेत किंवा कार्यालयात १५ हजारांची नोकरी धरावी लागली, तर घरात ७० हजार येतील आणि २३ हजार उरतील. पुण्यापेक्षा १७ हजार कमी. नोकरी मिळालीच नाही, तर शिल्लक ८ हजारांवर येते.

सूत्र अगदी सोपे आहे. खर्चात जेवढी बचत होणार, तेवढाच पगार गमावणे परवडते. या उदाहरणात ती रेषा ३२ हजारांवर आहे. दुसरा पगार ३२ हजारांच्या खाली गेला की स्वस्त शहर महाग पडू लागते. भविष्य निर्वाह निधीत दरमहा पडणारी रक्कम आणि अनुभवाच्या वर्षांत पडणारा खंड यात धरलेलाच नाही.

दुसरी नोकरी मिळणे कठीण का?

चंद्रपूर हा काही बेरोजगार, निवांत जिल्हा नाही. २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र इथे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. घुग्घूस, गडचांदूर, आवाळपूर परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत. बल्लारपूरला कागद कारखाना आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मायनिंग शिकलेल्या मुलाला इथे आशा धरता येते.

मात्र हे सगळे उद्योग जड आहेत, पाळ्यांमध्ये चालतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच भरतीवर उभे राहिले आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने महिलांना भूमिगत खाणीत कामाला मनाई होती आणि वरच्या कामातही रात्री काम करता येत नव्हते. केंद्र सरकारने अटींसह ही वाट मोकळी केली ती २०१९ मध्ये. सॉफ्टवेअर टेस्टिंग, डिझाइन, मनुष्यबळ, जाहिरात किंवा बँकिंग बॅक-ऑफिस अशा ज्या क्षेत्रांत मुली पुण्यात मोठ्या संख्येने काम करतात, त्या क्षेत्रांच्या जागा चंद्रपुरात मोजक्याच आहेत.

अंतराचाही प्रश्न आहे. नोकरी मूलला आणि घर चंद्रपूरला असेल, तर मधला रस्ता जंगलातून जातो. ताडोबाचे वाघ पर्यटकांना जिप्सीतून दिसतात तसे ते प्रकल्पाबाहेरच्या गावांत आणि वीज केंद्राच्या परिसरातही दिसतात. सहाला ऑफिस सुटल्यावर हिवाळ्याच्या अंधारात स्कूटीवर एकटीने घरी येणे घरच्यांना नको वाटते. मग ‘कशाला हवी ती नोकरी’ हे वाक्य येते. ते काळजीपोटीच येते, पण त्याची किंमत दर महिन्याच्या पगारात मोजली जाते.

गडचिरोलीचे काय?

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. सूरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा प्रकल्प यांमुळे गडचिरोलीला पोलादाचे केंद्र करण्याची भाषा होते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवल्यानंतर इथे गुंतवणूक आणि वस्ती वाढेल, अशी अपेक्षाही आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका, बँक आणि महसूल कर्मचारी यांच्यासाठी या गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पण वडसा ते गडचिरोली या रेल्वेमार्गाचे काम अजून सुरूच आहे आणि वडसा हेच जिल्ह्याचे रेल्वेस्थानक आहे. दोघांपैकी एकाची बदली गडचिरोलीला झाली म्हणून दुसऱ्याने खासगी नोकरी सोडून मागे जायचे, तर ही नोकरी परत मिळवण्याचा रस्ता इथे चंद्रपूरपेक्षाही अरुंद आहे.

इथे येऊन टिकलेली जोडपी काय सांगतात?

गडचिरोली म्हटले की दोन जोडपी डोळ्यांसमोर येतात. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशात आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला लागले. ही माणसे स्वस्त घर शोधत आली नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी तुमची-आमची तुलना होऊ शकत नाही. त्यांच्या त्यागाचे दाखले देऊन कुणाला इथे राहायला सांगणेही बरोबर नाही.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दोन्ही घरांत दोघांनाही स्वतःचे काम होते. मंदाकिनीताई भूलतज्ज्ञ होत्या आणि हेमलकशाच्या दवाखान्याला त्यांची गरज होती. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. गडचिरोलीतील गावांमध्ये महिलांच्या आजारांवर त्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नवऱ्याबरोबर आलेली बाई एवढीच त्यांची ओळख राहिली नाही. आपण या जोडप्यांची गोष्ट सांगताना त्याग सांगतो आणि हा भाग गाळतो.

घरून काम करता येतेच की?

येते, जोपर्यंत कंपनी हो म्हणते. करोनाकाळात गावी आलेल्या अनेकांनी हे अनुभवले आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतांश कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. मॅनेजरचा तोंडी होकार पुढच्या मॅनेजरला बांधील नसतो. परवानगी लेखी आहे का, तिची मुदत किती आणि ती काढून घेतली तर किती दिवसांत हजर व्हायचे, हे विचारल्याशिवाय पुण्याच्या फ्लॅटची डिपॉझिट परत मागू नये.

घरातून काम म्हणजे घरकामही करता येईल, असाही समज असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. सासरी राहून लॅपटॉप उघडणाऱ्या सुनेकडून ही २८९ मिनिटे अपेक्षित असतील, तर तिची नोकरी कागदावर शाबूत राहूनही पहिल्या अप्रेझलमध्येच मागे पडते. उलट आजी-आजोबांनी नातवंडाला सांभाळले, तर पुण्यातल्या पाळणाघराचा खर्चही वाचतो आणि आईची नोकरीही टिकते. एकाच घरात यातले काय घडणार, हे सामान बांधण्याआधी स्पष्ट बोलून घेतलेले बरे.

हवा आणि उन्हाचा हिशेब

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथे होते. त्यानंतर उपाययोजना झाल्या, पण घुग्घूस किंवा दुर्गापूरच्या अंगणात बसणारी धूळ तिथले लोक रोज पाहतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे इथे नवे नाही. लहान मूल असेल किंवा कुणाला दमा असेल, तर घर घेताना चौरस फुटांच्या दरासोबत खाण, कोळसा वाहतुकीचा रस्ता आणि राखेचा बंधारा किती दूर आहे, तेही पाहा. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी गुंतागुंतीच्या उपचारांसाठी नागपूर गाठावे लागते आणि ते सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

मग करायचे काय?

पहिले, घर सोडण्याआधी दुसरी नोकरी हातात घ्या. ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे उत्तर पहिल्या पगाराबाबत कुणी देत नाही, मग दुसऱ्याबाबत का?

दुसरे, दिवाळीत निर्णय घेऊ नका. सुट्टीतले गाव गोडच लागते. शक्य असेल तर एप्रिल आणि मे हे दोन महिने चंद्रपुरात राहून रोजचे काम करून पाहा.

तिसरे, लगेच कर्ज काढू नका. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी २० लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये बसतो. ५० लाखांचा हप्ता सुमारे ४३,४०० होतो. त्यापुढे चंद्रपूरचे घर स्वस्त वाटणारच. पण वर्षभरात परत फिरावे लागले, तर लहान शहरातले घर लवकर विकले जाईलच असे नाही. पहिले वर्ष भाड्याने राहा.

चौथे, नागपूरचा विचार करा. सरकारी हिशेबात ते मधल्या वर्गात आहे. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत आणि आई-बाबांना भेटायला शनिवारी सकाळी निघून दुपारचे जेवण चंद्रपुरात करता येते. दोन पगार टिकवायचे असतील, तर चंद्रपूरच्या अनेक जोडप्यांसाठी परतीचा पहिला थांबा नागपूर असावा, असे मला वाटते.

यात सरकारचीही जबाबदारी आहे. या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या घोषणेत स्थानिक तरुणांना किती रोजगार मिळणार, हे ठळकपणे सांगितले जाते. त्यातल्या किती जागा महिलांसाठी, कोणत्या पदांवर, आणि पाळी संपल्यावर घरापर्यंत सोडायला बस आहे का, हेही त्याच घोषणेत सांगायला हवे. शहरी भागात १५ वर्षांवरील महिलांपैकी जेमतेम २८ टक्के श्रमशक्तीत आहेत, असे २०२३-२४ चे केंद्राचे सर्वेक्षण सांगते. शिकून, पुण्यात जाऊन, पगार मिळवू लागलेली मुलगी गावी परतल्यावर या २८ टक्क्यांतून बाहेर पडणार असेल, तर तिच्यासह तिच्या जिल्ह्याचेही नुकसान आहे.

आणि आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचेच असेल, तर पुढच्या सुट्टीत जेवणानंतर एक कागद घेऊन बसा. वाचणारे भाडे एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला सुटणारा पगार. ज्याची किंवा जिची नोकरी सुटणार आहे, त्यानेच किंवा तिनेच तो कागद भरावा. दुसरी बाजू जड निघाली, तर थांबण्याचे कारण आईलाही पटेल.