धक्के मोजणारे यंत्र कसे बसवायचे

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्टा हादरू लागला. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून हळदपाड्यात दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. धुंदलवाडी परिसरातल्या कित्येक कुटुंबांनी रात्री तंबूत काढल्या. असे मोठे धक्के सगळ्यांनाच कळतात. जमिनीखाली काय चालले आहे ते सांगतात मात्र हजारो बारीक धक्के. भूकंपमापकावर पहिली आणि दुसरी लहर यांत एका सेकंदाचे अंतर असेल, तर केंद्र साधारण आठ किलोमीटरवर असते. पण धक्क्यांची रांग लागली की एकाचा कंप विरण्याआधीच दुसरा सुरू होतो आणि माणसाच्या डोळ्यांना ते वेगळे काढणे जड जाते. ‘फेजनेट’सारखी मशीन लर्निंग मॉडेल हे काम झपाट्याने करतात, आणि ‘क्वेकफ्लो’ नावाची प्रणाली तेच मॉडेल कुबरनेटिसच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहावर, कंटेनर नावाच्या सुट्या पॅकेजांत चालवते. डहाणूसाठी असे काही उभारायचे, तर मॉडेलच्या निवडीइतकीच काळजी ते सर्व्हरवर कसे चढवले जाते याची घ्यायला हवी.

कारण सरळ आहे. क्लस्टरला दिलेल्या फाइलमध्ये मॉडेलची नेमकी आवृत्ती न लिहिता नुसते ‘लेटेस्ट’ लिहिले, तर एखादा कंटेनर बंद पडून पुन्हा सुरू होताना गुपचूप नवे मॉडेल ओढून घेऊ शकतो. नवे मॉडेल अधिक बारीक धक्के पकडते, आकडा एकदम फुगतो. जमीन होती तशीच असते, पण गावात घबराट पसरते. म्हणून पडद्यावर बटणे दाबून केलेले बदल इथे नकोत. फाइलमध्ये आवृत्ती पक्की लिहावी, ती नोंदवहीत तारखेसह ठेवावी, मग कमांड लाइनवरून एका आज्ञेने लागू करावी. बिघडले तर ‘रोलआउट अनडू’ने मागची आवृत्ती परत आणता येते, आणि कोणी कधी काय बदलले याचा माग नोंदवहीत राहतो.

एवढ्याशा कामाला क्लस्टर कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एरवी एक संगणक पुरेल. पण धक्क्यांची माळ लागते तेव्हाच काम अनेक पटींनी वाढते, आणि नेमके तेव्हाच उत्तर हवे असते. भूकंपाचे भाकीत यातून होणार नाही, हेही लोकांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की तिथे वीज-नेटवर्क जाते. ते खरे, पण क्लस्टर तलासरीत असण्याची गरजच नाही. मापकाने नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवाव्यात. यापेक्षा वजनदार आक्षेप घरांचा आहे: आधी भिंती मजबूत करा, संगणक नंतर. भिंतींचा पैसा या कामाकडे वळवायला माझाही विरोध आहे. पण कुठल्या पाड्याखाली धक्के दाटले आहेत हे कळल्याशिवाय कोणत्या भिंती आधी घ्यायच्या, हे ठरणार कसे? फेजनेट उत्तर कॅलिफोर्नियाच्या नोंदींवर शिकले आहे. म्हणून इथल्या तज्ज्ञांनी हाताने वाचलेल्या नोंदींशी ते आधी ताडून पाहावे, आणि ग्रामपंचायतीत लावल्या जाणाऱ्या मराठी तक्त्यात धक्क्यांच्या आकड्याशेजारी मॉडेलची आवृत्तीही छापावी.