गाडी आधी थांबली पाहिजे!

दोस्तांनो, परवा सुट्टीच्या दिवशी माझ्या वर्गातली दोन मुलं घरी आली होती. अंगणातल्या आमच्या जुन्या जीपभोवती त्यांनी चार चकरा मारल्या. मग एक जण म्हणाला, "मॅडम, हिला मोठ्ठाले टायर बसवा ना! आणि टपावर सहा लाईट! लई भारी दिसेल."

मला हसूच आलं. कारण अगदी अशीच यादी एकदा माझ्या धाकट्या भावानं केली होती. त्या यादीची गोष्ट आज तुम्हांला सांगते.

तेव्हा मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव राजूर घाटाच्या पायथ्याशी. घाट चढला की बुलढाणा. बाबांची जीप दोन वर्षं गोठ्याशेजारी पडून होती. सीटवर कोंबडी अंडी घालायची! उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बहीणभावानं ठरवलं, जीप आपणच दुरुस्त करायची. आजीला डोळे दाखवायला बुलढाण्याला न्यायचं होतं, म्हणून बाबाही हो म्हणाले.

भावानं वहीत लिहिलं : रुंद टायर, मोठा हॉर्न, चार लाईट, नवा रंग. मग आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, डिझेल भरलं, फिल्टर बदलला. संध्याकाळी घर्रर्र करून इंजिन चालू झालं! भाऊ आनंदानं ओरडलाच. कुणाला न विचारता त्यानं गिअर टाकला आणि जीप उताराला लागली.

त्यानं ब्रेक दाबला. पायाखालचा पॅडल सरळ खाली टेकला. जीप थांबेना! हँडब्रेकची तार तर गंजून केव्हाच तुटलेली. समोर गोठ्यात वासरू बांधलेलं. भावानं कसंबसं स्टिअरिंग वळवलं आणि जीप कुटाराच्या ढिगात घुसली. कुणाला खरचटलंही नाही. पण विचार करा, दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आम्ही घाट उतरत असतो तर?

त्या रात्री बाबा कुणालाच रागावले नाहीत. जेवलेही नाहीत.

सकाळी मिस्त्रीकाका आले. मागच्या चाकाशी उकिडवे बसले. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ होता. त्यावर बोट फिरवून म्हणाले, "हे पाय बापू, इथून तेल पाझरते. गाडी पयले थांबली पाहिजे, मंग पळाली पाहिजे."

आता जीपमधला ब्रेक चालतो कसा, ते पाहू. आपण पॅडल दाबतो तेव्हा एका छोट्या नळकांड्यात दट्ट्या पुढे सरकतो. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यातलं तेल बारीक नळ्यांमधून चारही चाकांकडे ढकललं जातं. चाकाच्या ड्रममध्ये अर्धचंद्रासारखे दोन 'शू' असतात. तेलाच्या दाबानं ते फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. बंद जागेतल्या पातळ पदार्थावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सांगितला.

आताच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगवेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा थोडाफार ब्रेक देतो. आमच्या जुन्या जीपमध्ये मात्र एकच मार्ग होता. एका चाकाशी तेल गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला!

मग आम्ही कामाला लागलो. चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, म्हणून खाली मजबूत स्टँड ठेवले. ड्रममधली धूळ काकांनी फुंकू दिली नाही. ओल्या फडक्यानं पुसायला लावली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसात जाणं फार वाईट. सिलिंडरची रबरं बदलली, नवे लायनर लावले, हँडब्रेकची तार बदलली, नवं तेल ओतलं. तरी पॅडल स्पंजासारखाच लागे!

"आत एअर आहे," काका म्हणाले. मग सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मी पॅडल दाबून धरायची, काका चाकाजवळचा स्क्रू सैल करायचे, बुडबुडे बाहेर यायचे. स्क्रू कसला की मगच पाय उचलायचा. "दाब... धर... सोड!" दुपारपर्यंत आमचं हेच चाललं होतं. शेवटी पॅडल दगडासारखा घट्ट लागला.

बुडबुड्यानं एवढं काय बिघडतं? घरीच करून पाहा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणि त्यांना बसेल अशी प्लॅस्टिकची नळी आणा. सगळ्यांत पाणी भरून जोडा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच बाहेर येतो. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटानं अडवून पहिला दाबा. तो आत जातो! हवा दबते, पाणी दबत नाही. आपला जोर हवा दाबण्यातच वाया जातो.

जीप मुळात लढाईसाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. आपल्याकडे १९४७ मध्ये महिंद्रांच्या कंपनीनं मुंबईत सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. तिची बांधणी इतकी साधी, की गावातला मिस्त्रीही ती खोलून जोडू शकतो. म्हणून तर ती वर्षानुवर्षं टिकते.

मग भावाच्या यादीचं काय झालं? काकांनी ती वाचली आणि टायरवर बोट ठेवलं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. त्यामुळे काटा वेग कमी दाखवतो आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेली मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. दुरुस्ती करा, खुशाल करा. पण बदल करण्याआधी आरटीओत विचारायचं. आपल्या एमएच-२८ ला हा नियम आहे, तसाच सगळ्यांना.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हांला माहीत आहेत का? त्यांनी भंगारातून मुलासाठी जीपसारखी छोटी गाडी बनवली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी! २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितलं. ती गाडी कंपनीला द्या, बदल्यात बोलेरो घ्या, असं ते म्हणाले. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. त्यांच्या कारागिरीचा मान राहिला आणि नियमाचाही.

आजी आठ दिवस उशिरा बुलढाण्याला गेली. येताना घाटात बाबांनी प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबून पाहिला. भाऊ मागे गप्प बसून त्यांच्या पायाकडे बघत होता. यादीतला नवा रंग तेवढा आम्ही दिला, तोही जुन्याच रंगासारखा.

जीप तुम्ही मोठेपणी दुरुस्त कराल. सायकल तर आजच आहे ना? उद्या शाळेला निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबा. रबर झिजलंय का, तार तुटायला आलीय का, बघा. आणि लहान भावाची सायकलही तपासा, बरं का!