कुलूप लावलेली घरं

वाकडला माझ्या नावावर एक टू-बीएचके आहे. ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून घेतला आणि दोन वर्षं त्याला कुलूप आहे. तो बांधणारी कुटुंबं आता शेजारच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. काम संपलं की तेही छप्पर जाईल.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर होते. त्याच जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी होती. याला टंचाई म्हणत नाहीत मित्रांनो, याला वाटपातला बग म्हणतात.

भुकेचंही तेच. गोदामं भरलेली, पण रेशनचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर अडकलेला. त्यानंतर वाढलेली कोट्यवधी माणसं हिशेबातच नाहीत.

‘आम्ही मेहनतीनं कमावलंय!’ पगार मेहनतीचा, मान्य. पण फ्लॅटचा भाव वाढला तेव्हा मी झोपलो होतो. वर सरकारचं बक्षीस: २०१५ च्या बजेटमध्ये संपत्ती कर रद्द, २०१९ मध्ये दुसऱ्या घराच्या काल्पनिक भाड्यावरचा कर माफ.

शहरात लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा हवा, असा नियम आहे. त्याला पैसे लागतात. थंडीत चार ब्लँकेटं वाटून स्टोरी टाकल्यानं ते उभे राहत नाहीत. रिकाम्या घरांवर कर लावा, त्यातून निवारे बांधा, रेशनची यादी आजच्या माणसांची करा.

पहिलं बिल मलाच येईल. येऊ दे.